बैलानं खाल्लेली कॅसेट

माझ्या बैलानं नलूवहिनींची कॅसेट खाल्ली, ही गोष्ट मी अडतीस वर्षं सांगत आलो. दिग्रसच्या बसस्टँडवर सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, एकदा पांढरकवड्याच्या एका ट्रकवाल्याला सांगितली, तर त्यानं ती थेट हैदराबादेत नेऊन उतरवली म्हणतात. कॅसेट खाऊन बैल तीन दिवस रवंथ करत होता आणि तो हंबरला की आमच्या तांड्यातल्या एकुलत्या एका टीव्हीवर मुंग्या यायच्या, इथपर्यंत मी ती वाढवली होती. लोक हसायचे. नलूवहिनीही हसायच्या, पण जरा कमी.

खरं असं, की त्या साली आमच्याकडे बैलच नव्हता.

आता मुळापासून सांगतो. दिग्रसला माझं रेडिओ आणि टेप दुरुस्तीचं दुकान. एका जिनिंगवाल्या शेठच्या पोरानं परदेशातून एक कॉम्प्युटर आणला, चार दिवसांत कंटाळला आणि माझ्याकडे टाकून गेला. स्पेक्ट्रम त्याचं नाव. पाटीएवढा, काळा, वर रबराची बटनं. एक तार टीव्हीला, एक टेपरेकॉर्डरला. खेळ यायचा तो कॅसेटमधून. कॅसेट लावली की गरम तव्यावर रातकिडे सोडल्यासारखा आवाज निघायचा, आणि पाचेक मिनिटं तो सोसला की पडद्यावर एक चिमुकला माणूस उड्या मारायला लागायचा. मशीन इतकं तापायचं की याडी, म्हणजे माझी आई धुरपताबाई, त्याच्यावर पापड वाळवायची. बरं, एकदाच वाळवला. एकच पापड.

त्याच वर्षी शाळेत दुसरा कॉम्प्युटर आला आणि तो माझ्या वर्गमित्राच्या, उकंडा गुरुजीच्या हाती पडला. मोठा, पिवळट पांढरा, टाईपरायटरसारख्या खटखट बटनांचा. त्याचं नाव बीबीसी. नाव गावात पसरलं तसे पहिल्याच संध्याकाळी चार म्हातारे शाळेच्या ओट्यावर बातम्या ऐकायला येऊन बसले. उकंडानं त्यांना मशीनवर बेरीज करून दाखवली. "बेरीज आमची आमाले येते," असं म्हणून ते धोतर झटकत उठून गेले.

मग आमचं जुंपलं.

"रबराच्या बटना! शंकर, तुह्यं मशीन हाय का चप्पल?"

"अन् तुह्यं? पेटी हाय लेका, पेटी. एक दिवस भजनी मंडळ उचलून नेईन."

गावातल्या पोरापोरींचे दोन तट पडले, रबरवाले आणि पेटीवाले. माझ्या दुकानात उड्या मारणारा माणूस, त्याच्या शाळेत चांदण्यांवर गोळ्या झाडणारं विमान. आणि गंमत अशी, की माझी कॅसेट त्याच्या मशीनला कळायची नाही, त्याची माझ्या मशीनला. दोघांची बोली वेगळी.

ही लढाई तशीच चालली असती, पण मे महिन्याच्या सुटीत नलूवहिनी, म्हणजे उकंडाची बायको, त्याचा डबा घेऊन शाळेत जाऊ लागल्या. दहावी झालेली, नवी सून. नवरा जेवेपर्यंत त्या मशीनपुढे बसायच्या. पहिल्या आठवड्यात नवऱ्याला विचारायच्या, दुसऱ्या आठवड्यात नवरा त्यांना विचारू लागला. चाळीस दिवसांत त्यांनी स्वतःचा खेळ लिहिला. नाव 'वेचणी'. वरून कापसाची बोंडं गळतात, खाली बाई टोपली घेऊन धावते, आणि मधेच एक रोही, म्हणजे नीलगाय, शेतात घुसून बोंडं खाऊन जातो. आमचं वावर, आमचा रोही, पडद्यावर! अख्खं दिग्रस बघायला लोटलं. माझा उड्या मारणारा माणूस एकटाच दुकानात उड्या मारत राहिला.

मी वहिनींकडे गेलो. "दोन दिवस कॅसेट द्या. माह्या मशीनवर चालवून दाखवतो."

"नाही चालत शंकरभाऊ. दोघायची बोली येगळी हाय."

"मी गोरमाटी, बंजारा माणूस, वहिनी. घरात एक बोली, बाजारात दुसरी. मले नका शिकवू."

त्या हसल्या. माझ्या गोष्टी तेव्हाही गावभर प्रसिद्ध होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅसेट दिली. दुसरी प्रत नव्हती.

कॅसेट मी तांड्यावर नेली. तिसऱ्या दिवशी घरी आलो तर याडी ओसरीत टेपरेकॉर्डर पुढ्यात घेऊन, डोळे मिटून लेंगी गात होती. लेंगी म्हणजे आमची होळीची गाणी. ती तिला होळीपुरती कधी पुरली नाहीत. टेपवरचं लाल बटन दाबलेलं. आत वहिनींची कॅसेट.

मी ओरडलो. ती काही सांगायला लागली तर तिच्या तोंडातला शब्द बाहेर येऊ दिला नाही. मी कॅसेट उपसून काढली. याडी उठून चुलीकडे गेली आणि पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

मी उकंडाकडे गेलो ते खरं सांगायला. दारात वहिनी उभ्या. कबूल करायला तोंड उघडलं, आणि त्यातून बैल निघाला.

त्यानंतर वहिनी मशीनच्या खोलीत गेल्या नाहीत. दुसरा खेळ त्यांनी लिहिला नाही. पुढच्या होळीआधी याडी गेली. कॅसेट मी पत्र्याच्या पेटीत तळाशी घातली आणि कधी लावली नाही. दुसऱ्यांच्या हजारो कॅसेटी लावल्या, ही नाही. लावली तर दोनच गोष्टी कळणार होत्या, आई गेली आणि खेळ गेला. दोन्ही मला ठाऊक होत्या. कानांना कशाला सांगा?

गेल्या महिन्यात उकंडाची नात मोनाली दुकानात आली. नुकतीच पुण्याला कॉम्प्युटर शिकायला गेलेली.

"आबाजी, तुमच्या बैलानं कॅसेट अख्खी खाल्लती का? एखादा तुकडा उरला असन?"

"काहून गं?"

"आजी रोज दुपारी वही घेऊन बसते. तिले तो खेळ पुन्हा लिवायचा हाय. निम्मा झाला, पुढचं आठवून नाही राह्यलं. काल वही फाडली तिनं. म्हणते, मी खरंच लिवलता का, का मलेच भास झाला?"

पुढे ती म्हणाली, की तिच्या लॅपटॉपमध्ये एक प्रोग्राम आहे, तो जुन्या मशीनचं सोंग घेतो. बीबीसी म्हटलं तर बीबीसी, स्पेक्ट्रम म्हटलं तर स्पेक्ट्रम. एकाच घरात दोन सवती, आणि भांडण नाही! मला हसू यायला हवं होतं. पण माझ्या कानात एकच वाक्य घुमत होतं: मलेच भास झाला का. माझ्या थापेनं त्या बाईचं खरं काम खोटं ठरायला आलं होतं.

मी घरी गेलो, पेटी उपसली, आणि एक टेपरेकॉर्डर काखेत मारून भर दुपारी उकंडाच्या दारात उभा राहिलो.

वहिनींनी कॅसेट पाहिली. मग मला पाहिलं.

"बैल कोणता होता, शंकरभाऊ?"

"नव्हता, वहिनी. याडीनं त्याच्यावर लेंगी भरली. मले सांगायची हिंमत झाली नाही."

"अबे!" उकंडा खाटेवरून उठला. "अन् मी त्या बैलासाठी हळहळलो! त्याच्या पोटात रीळ गुंतली असन म्हणून मी तुले गुरांच्या डॉक्टरची चिठ्ठी आणून देल्ली होती!"

"गुरुजी, ती चिठ्ठी मी जपून ठेवली हाय."

"चूप बसा दोघं," वहिनी म्हणाल्या. "लाव मोनाली. काय उरलं ते ऐकू."

मोनालीनं टेपची तार लॅपटॉपला जोडली, आवाज खोलीतही राहू दिला आणि बटन दाबलं. थोडी खरखर. मग याडी.

गाणं नव्हतं. आधी ती बोलत होती, गळा साफ करत, टेपला कमी ऐकू येतं असं समजून मोठ्यानं, बाजारच्या बोलीत. "हे कोनी ऐकून राह्यलं असन त्यानं ऐका. शंकऱ्या म्हणते, ह्या डबीतून मशीनवर लोड करतेत. मी पाह्यलं, हे एकाच बाजूनं भरलं. अशी लदेणी करतेत का कुठं? आमच्या बुढ्यायनं बैलावर मीठ लादलं तं दोनी बाजूले सारख्या गोण्या. एकीकडंच वजन टाकलं तं बैल वाकडा चालते, मंग बसते. नलूचं तिकडून हाय, माह्यं इकडून घ्या."

आणि मग ती गायला लागली.

मला काही दिसेनासं झालं. लोड हा शब्द ऐकून माझ्या आईला बैलाची पाठ दिसली होती. मशीन वाकडं चालू नये म्हणून ती गायली होती. आणि मी तिला बोलू दिलं नव्हतं.

आधी समजलं ते वहिनींना. "मोनाली," त्या हळूच म्हणाल्या, "पलटव."

कॅसेट पलटली. रातकिडे! अडतीस वर्षांपूर्वीचे तेच रातकिडे. लॅपटॉपवर 'वेचणी' हे नाव इंग्रजी अक्षरांत उमटलं आणि पुढे आकडे चालू लागले. शून्य, एक, दोन. पाचावर गाडी अडली. 'डेटा?' पडद्यानं विचारलं. खाली लिहिलं, टेप मागे घ्या.

मागे घेतली. पुन्हा पाच. पुन्हा 'डेटा?'

"गेलं असन," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पदर दोन्ही मुठींत धरला होता.

"सरका," मी म्हणालो. एवढं एकच काम मला येतं. टेपच्या हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो. हेड रिळाला केसभर तिरकं असलं की आवाज भरडा येतो. मी पेचकस लावला, डोळे मिटले आणि ऐकत ऐकत फिरवू लागलो. जरा उजवीकडे. जास्त झालं. परत. रातकिड्यांचा आवाज धारदार झाला, टोचू लागला तिथं थांबलो.

"आता लाव."

चार. पाच. सहा. सात. आठ. नऊ. दहा. उकंडा आकडे मोठ्यानं म्हणू लागला, वर्गात पाढे म्हणवून घ्यावेत तसा. बारावर आवाज थांबला, पडदा काळा झाला, आणि वरून एक पांढरं बोंड गळलं.

वहिनींनी बोट पुढे करून पडद्यावरच्या बाईला नुसता स्पर्श केला.

खेळानं खेळणाऱ्याचं नाव विचारलं. "तुम्ही टाका शंकरभाऊ," त्या म्हणाल्या. इतकं गोड बोलल्या, तिथंच मला शंका यायला हवी होती. मी 'शंकर' टाकलं. बोंडं गळू लागली. मी जीव खाऊन धावलो, एकूण एक झेललं, रोह्याला चुकवलं, पण आकडा काही केल्या वाढेना. बोंड टोपलीत पडायचं आणि खालून निघून जायचं. शेवटी पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ आली: शंकरभाऊ, टोपलीले बूड नाही, तुमच्या गोष्टीले कुठून असन?

वहिनी अशा हसल्या की खाटेची दोरी कुरकुरली. "तुम्ही कॅसेट मागाले आले त्याच दिवशी बसवलं होतं हे! मले वाटलं, तुमच्या मशीनवर चालत नाही म्हणून तोंड पाडून याल, मंग पेटीवर खेळाले बसवीन तुमाले. वाट पाहून पाहून ईसरून गेली मी."

"म्हणजे भास नव्हता ना, आजी?" मोनाली म्हणाली.

"भास असा हरवते का कोणाले?" आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

उकंडानं नाव टाकून पाहिलं. त्याच्या टोपलीला बूड होतं. नवऱ्याला तेवढी सवलत. मी भिंतीला टेकून बसलो आणि मनातल्या मनात एकेकाचे पाय धरले. कंटाळलेल्या त्या शेठच्या पोराचे. मला चप्पलवाला म्हणणाऱ्या या मास्तरचे, कारण तो भांडला नसता तर वहिनींनी खेळ कोणाला दाखवायला लिहिला असता? याडीचे सगळ्यात जास्त. एवढा हरलो, पण असं पोट भरून कधी जिंकलोही नव्हतो.

वहिनींनी खेळ थांबवला आणि बोटांना आपसूक आठवलं ते बटन दाबलं. पडद्यावर त्यांच्याच ओळी सरसर आल्या. चष्मा चढवून त्या वाचत गेल्या. एका ठिकाणी थांबल्या, मान हलवली.

"इथं हुशारी केलती मी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग फाटकी वही मांडीवर घेतली, पेनाचं टोपण काढून दातात धरलं, आणि मोनालीला कोपरानं ढकललं. "सरक जराशी. चहा तुह्या आजोबाले सांग. शंकरभाऊ, एक कोरी कॅसेट आणा."

"आजी, लॅपटॉपमधीच राह्यते ना ते. कॅसेट कायले पाहिजे?"

"मले पाहिजे. दुसरा खेळ कायच्यावर भरू?"

दिग्रसमध्ये आता कोरी कॅसेट कुठं मिळते, देव जाणे. मी चपला पायात सरकवल्या आणि निघालो.