पदर पसरल्याचा पुरावा

“पदर कसा पसरला ते दाखवू नका, मावशी. का पसरला तेवढंच सांगा,” म्हणत वकील संयोगिताने तानाबाईचे हात खाली घेतले. कोल्हापूरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात तानाबाईने तिसऱ्यांदा पदर पसरला होता, आणि जाता जाता कुणीतरी त्यात पाच रुपये टाकले होते.

कागल एमआयडीसीतल्या मुकादमाच्या, अमरसिंहच्या खुनात तिचा मुलगा जोतीराम आरोपी होता. मॅजिस्ट्रेटपुढे त्याने कबुलीजबाब दिला आणि महिन्याभराने मागे घेतला. पोलिसांच्या माराला भिऊन बोललो, म्हणाला. मागे घेतलेल्या कबुलीला दुसरा आधार लागतो. हत्यार सापडलं नव्हतं, बघणारं कुणी नव्हतं. आधार एवढाच, की मयताच्या दहाव्याला आरोपीच्या आईने दारात जाऊन मयताच्या बायकोपुढे, स्नेहलपुढे, पदर पसरून माफी मागितली होती. गुन्हा पोराचा असला तरी पदर आईने पसरायचा, ही त्यांच्याकडची रीत.

“त्यानं कबूल केलंय असं कळलं, म्हून गेलते.”

“बरोबर. म्हणजे तुम्ही फक्त ऐकलं होतं, पाहिलं काही नव्हतं. आणि ते कबूल करताना तो खोटं बोलला होता.”

“खोटं कशापायी म्हनायचं, वकीलबाई?”

“खरं बोलला असला तर जन्मठेप आहे, मावशी.”

तानाबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग होकारार्थी मान हलवली.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तिने सगळं ओळीने सांगितलं. संयोगिता खाली बसली. सरकारी वकील मऊ आवाजात उठले.

“आजी, पोरावर संस्कार चांगले केलेत म्हणे तुम्ही.”

“केल्यात की.”

“लहानपणी खोटं बोलायचा का?”

“एकदा बोलला. उलथन्याचा चटका दिलता. तवापास्नं न्हाय.”

“कधीच नाही?”

संयोगिता अर्धवट उठली. तानाबाईने तिच्याकडे पाहिलं, मग भरलेल्या कोर्टाकडे.

“बाई म्हंत्यात, कबुलीत खोटं बोलला. पर सायेब, माझं पोर हाय ते. खोटं न्हाय बोलायचं.”

सरकारी वकील थँक्यू म्हणून बसले. न्यायाधीशांनी तिचं बोलणं शुद्ध मराठीत टायपिस्टला सांगितलं. जोतीरामचं एवढं कौतुक आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं.

आरोपीच्या जागेवर जोतीरामने मान खाली घातली. पिंजऱ्यातून उतरताना तानाबाईने ते पाहिलं आणि तिला बरं वाटलं. पहिल्यापासून असाच. चारचौघांत कुणी चांगलं म्हटलं की लाजायचा.