सगळ्यांचे श्वास वीस

वॉर्ड नंबर चारमध्ये बत्तीस खाटा होत्या आणि कागद बघितले तर त्या बत्तीसही खाटांवरच्या बायका मिनिटाला बरोब्बर वीस श्वास घेत होत्या. तापाने फणफणलेली वीस, घोरत पडलेली वीस आणि घरी जायला मिळणार म्हणून सकाळपासून पिशवी भरून बसलेलीही वीसच. एवढा एकोपा त्या बायकांमध्ये दुसऱ्या कुठल्याच बाबतीत नव्हता. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून तिथे रोज जुंपायची.

हा आकडा मोठ्या सिस्टरांना त्यांच्या वेळच्या सिस्टरांनी दिला होता आणि पुढे चौतीस वर्षं त्या तो नव्या मुलींना देत आल्या. मोठ्या सिस्टर म्हणजे वॉर्डच्या इन्चार्ज. पाठीमागे सगळे त्यांना तोफ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. निवृत्तीला चार महिने उरले होते, एवढ्या नोकरीत ठपक्याचा एकही मेमो मिळाला नव्हता आणि ही गोष्ट त्या आठवड्यातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवत.

"ताप बघ, नाडी मोज, बीपी घे," पहिल्या दिवशी त्या मुलीला सांगत. "श्वास वीस लिही. दम लागलेला पेशंट दारातूनसुद्धा कळतो. एकेकीच्या छातीकडे मिनिट मिनिट बघत बसलीस तर गोळ्या कोण देणार, मी?"

यात कामचुकारपणा नव्हता. बत्तीस खाटा, पाळीला दोन मुली, सलाईन, इंजेक्शनं, डॉक्टरांची फेरी आणि तोच ताप तीन तीन रजिस्टरांत उतरवायचा. त्यात बत्तीस मिनिटं कुठून काढायची? भिंतीवरच्या घड्याळाला सेकंदाचा काटाही नव्हता. तो कधी गळून पडला, कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मग अकरा नंबरला टेलरबाई आली. शिवणकाम करणारी, गप्पिष्ट, ताप आणि खोकला. बुधवारी दुपारी फिजिओ शेजारच्या खाटेवर छातीचे व्यायाम घ्यायला आली होती. फिजिओ म्हणजे फिजिओथेरपिस्ट, तिशीची, शांत, वॉर्डात जेमतेम वर्षभर जुनी. टेलरबाई तिला म्हणाली, "मॅडम, मला बोलताना मध्येच थांबावं लागतंय. असं मला कधी झालं नाही. घरचे तर म्हणतात, ही थांबतच नाही."

फिजिओ हसली आणि तिच्या खाटेशी बसली. नाडी बघतेय असं दाखवत तिने मनगट धरलं आणि मिनिटभर छातीकडे बघितलं. छत्तीस. कागदावर अर्ध्या तासापूर्वीचे वीस होते, सकाळचे वीस, कालचे वीस. तिने वेळ घालून छत्तीस लिहिले आणि डॉक्टरांना बोलावलं. संध्याकाळपर्यंत टेलरबाई आयसीयूत होती, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. तीन दिवस जीव टांगणीला लागला होता. चौथ्या दिवशी ती सावरली.

पण तिचा दीर चौकस निघाला. त्याने कागद वाचला आणि अधीक्षकांकडे अर्ज केला, 'अर्ध्या तासात विसाचे छत्तीस कसे झाले?' प्रश्न चोख होता. त्या दुपारचे वीस लिहिले होते नवीने. नवी दोन वर्षं वॉर्डात होती, पण तिच्यानंतर कुणाची भरतीच झाली नाही म्हणून ती नवीच राहिली. ती कंत्राटावर होती आणि कंत्राट महिनाअखेर संपत होतं. खुलासा मागवला गेला. गुरुवारी चौकशी ठरली. पुढे काय होणार ते आयाबाईंनासुद्धा कळत होतं.

मोठ्या सिस्टर आधी फिजिओवर धडाडल्या. "तुम्हाला तो आकडा लिहायची एवढी काय घाई होती? आधी मला सांगता आलं नसतं?"

"सिस्टर, तो आकडा होता म्हणून लिहिला," फिजिओ म्हणाली.

तोफ आल्या पावली मागे वळली.

खरा घाव मात्र सगळ्या वॉर्डांच्या सिस्टरांवर देखरेख करणाऱ्या मेट्रन मॅडमनी घातला, तोही नकळत. चहा पिता पिता त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या मुलीला मी तीनदा विचारलं, हे असं लिहायला कुणी शिकवलं. आठवत नाही म्हणते. सांगितलं असतं तर सुटली असती."

मोठ्या सिस्टरांनी कप तसाच खाली ठेवला. दोन वर्षांपूर्वीचा तो पहिला दिवस मुलीला आठवत नसेल यावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये गेल्या. बेत साधा होता. सगळ्या वॉर्डांचे जुने कागद काढायचे आणि अधीक्षक साहेबांपुढे आपटायचे, बघा, सगळे हेच करतात, एकट्या मुलीला का धरता? नाकाला पदर लावून त्यांनी गठ्ठ्यांमागून गठ्ठे सोडले. वॉर्ड दोन, वीस. वॉर्ड सहा, वीस. पुरुषांचा वॉर्ड, तिथेही वीस. त्यांना बरं वाटू लागलं. मग त्यांनी स्वतःच्या वॉर्डाचा एक गठ्ठा ओढला आणि त्यात एका जुन्या पेशंटचा, वाचनालयातल्या बाईंचा कागद निघाला.

सात वर्षं झाली होती, पण त्या बाई त्यांना पक्क्या आठवत होत्या. तापातही शब्दकोडं सोडवायच्या आणि अडलं की मोठ्या सिस्टरांना विचारायच्या. एके दिवशी संध्याकाळी गेल्या. लेक धावत आली तेव्हा मोठ्या सिस्टरांनी तिला जवळ घेऊन सांगितलं होतं, "अचानक झालं गं. कुणाच्या हातात काही नव्हतं."

कागदावर त्या दिवसाची नाडी होती. सकाळी अठ्ठ्याऐंशी, मग एकशे चार, एकशे सोळा, एकशे अठ्ठावीस. जिन्यासारखी चढत गेलेली. नाडी अशी चढते तेव्हा श्वासही जागेवर राहत नाही, पण शेजारच्या रकान्यात वीस, वीस, वीस, वीस. अक्षर सुबक, उभं, स्वतःचं. मोठ्या सिस्टर एका मोडक्या खुर्चीवर बसल्या. हातात काही नव्हतं? मनगटावर घड्याळ होतं, सेकंदकाट्याचं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि मग भीती वाटली, कारण तो कागद पुन्हा गठ्ठ्यात सारला तर जगात कुणालाही कळणार नव्हतं.

गुरुवारी अधीक्षकांच्या खोलीत पाच जण होते. साहेब, मेट्रन मॅडम, साक्षीला बोलावलेली फिजिओ, रडून रडून नाक लाल झालेली नवी आणि मोठ्या सिस्टर. साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांना तक्रारीचं उत्तर वर पाठवायचं होतं आणि उत्तरात एक नाव लागतं.

मोठ्या सिस्टरांनी इतर वॉर्डांचे कागद टेबलावर ठेवले. साहेबांनी ते चाळले. "म्हणजे सगळेच चुकतात, म्हणून हिला सोडायचं? सिस्टर, हे तुम्ही बोलावं?"

"नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून वेगळा ठेवलेला कागद काढून पुढे सरकवला.

साहेबांनी चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. मग ते वाचत बसले. एकेका रकान्यावरून त्यांचं बोट सावकाश खाली उतरत गेलं. मोठ्या सिस्टर हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या होत्या, फेरीच्या वेळी उभ्या राहत तशा ताठ.

"ही सही कुणाची?"

"माझी. नाडी कशी चढतेय बघा, आणि श्वास बघा. ही बाई त्याच संध्याकाळी गेली. तिच्या लेकीला मी सांगितलं, अचानक झालं. अचानक नव्हतं साहेब. मी मोजलं नाही. आणि या मुलीला न मोजायला मीच शिकवलं. नाव लिहायचं तर माझं लिहा."

"सिस्टर, नको," नवी पुटपुटली.

"तू गप्प बस. आठवत नाही म्हणे."

साहेबांनी कागद खाली ठेवला. "हे बघा, तुमची गोष्ट वेगळी. तुमच्या एवढ्या अनुभवाला नुसतं बघून कळतं पेशंटचं. हिला तेही कळलं नाही, एवढंच माझं म्हणणं."

"नुसतं बघून?" मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मग बघा माझ्याकडे. कशी दिसतेय मी?"

साहेबांनी बघितलं. "नेहमीसारख्याच. आता ओरडाल अशा."

"अठ्ठावीस," फिजिओ हळूच म्हणाली.

"काय अठ्ठावीस?"

"सिस्टरांचे श्वास. तुम्ही कागद वाचत होतात तेव्हा मोजले, पूर्ण मिनिट." ती मोठ्या सिस्टरांकडे वळली. "सवय आहे हो मला. राग मानू नका."

एरवी मोठ्या सिस्टरांनी तिला जागच्या जागी सोलून काढलं असतं. पण आज त्यांचे डोळे भरले. एवढ्या वर्षांत त्या किती वेळा घाबरल्या होत्या याची मोजदाद नव्हती, आणि ते कधी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. मेट्रन मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला. साहेब त्यांच्याकडे बघत राहिले आणि या वेळी खरोखर बघत होते.

"मेमो मला द्यावाच लागेल," अखेर ते म्हणाले.

"द्या ना. मलाच द्या. पण त्यातच लिहा की बत्तीस खाटांना बत्तीस मिनिटं लागतात आणि ती कुठून आणायची. तीन रजिस्टरांपैकी दोन बंद करा, वेळ आपोआप निघतो."

साहेब एक बंद करायला तयार झाले. दुसरं मेट्रन मॅडमनी बंद करवलं, कारण ते कुणासाठी लिहिलं जातं हे त्यांनाही पंधरा वर्षांत कळलं नव्हतं. नवीच्या कंत्राटाच्या कागदावर त्याच आठवड्यात सही झाली. मोठ्या सिस्टरांना चौतीस वर्षांतला पहिला मेमो मिळाला, तोही मागून घेतलेला. त्याची घडी घालून त्यांनी तो कपाटात स्वतःच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवला.

नव्या घड्याळाची मागणी गेली. ते यायच्या आत आपण निवृत्त होऊ हे ओळखून मोठ्या सिस्टरांनी घरच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ आणून वॉर्डात टांगलं. फिजिओने मुलींना मोजणी शिकवली. पेशंटला सांगून मोजायचं नाही, सांगितलं की श्वास बदलतो. नाडी धरायची आणि तसाच हात धरून ठेवायचा. शिकणाऱ्यांत मोठ्या सिस्टर पहिल्या रांगेत होत्या आणि सगळ्यांत जास्त शंका त्याच काढत होत्या.

टेलरबाई आयसीयूतून परत आली तेव्हा त्या स्टूल घेऊन तिच्याजवळ बसल्या आणि मनगट धरलं. मिनिट संपत आलं तशी टेलरबाई खुदकन हसली.

"नाडी नाही मोजत तुम्ही. मला कळतं. गिऱ्हाइकाला सांगून कमरेचं माप घेतलं की ते पोट आत ओढतं, म्हणून मीही असंच गप्पा मारत घेते. किती भरलं माझं?"

"बावीस," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "आणि तोंड बंद ठेवलंस तर अजून कमी भरेल."

एक काम उरलं होतं. वाचनालयातल्या बाईंच्या कागदावर लेकीचा फोन नंबर होता. मोठ्या सिस्टरांनी तो तीन दिवस पर्समध्ये वागवला. नंबर बदललेला असेल अशी अर्धीमुर्धी आशाही होती. चौथ्या दिवशी ड्युटी संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत बसून त्यांनी फोन लावला. लेकीनेच उचलला. मोठ्या सिस्टरांनी आपण कोण ते सांगितलं आणि मग काही न गाळता सगळं सांगितलं. नाडी, वीस, न मोजलेलं मिनिट. शेवटी म्हणाल्या, "त्या दिवशी मी अचानक झालं म्हणाले, ते खरं नव्हतं. तू मला काय बोलायचं ते बोल."

मोठ्या सिस्टर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत थांबल्या.

"त्या दिवशी सकाळी आई मला म्हणाली होती, दम लागतोय," लेक म्हणाली. "मला ऑफिसला उशीर होत होता. म्हटलं, संध्याकाळी सांगते सिस्टरांना. मग तुम्ही म्हणालात अचानक झालं, आणि मला वाटलं, अचानक कसं, मला तर सकाळीच माहीत होतं. सात वर्षं झाली. मी कुणालाच सांगितलं नाही."

"तुझं काम नव्हतं ते, बाळा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "माझं होतं."

लेक रडू लागली. मोठ्या सिस्टर फोन कानाला लावून, ती थांबेपर्यंत, तशाच बसून राहिल्या.