मी छापलेले एकतीस गुण

मित्रांनो, मी एक जुनं, दिवा गेलेलं, उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र आहे. माझ्यावर धूळ बसली आहे म्हणून फुंकर घालायला पुढे येऊ नका, मला ते खपत नाही. तुमच्यासारख्या हजारो पोरांना मी रडवलं आहे आणि त्या वेळी मला त्याचं काडीचंही वाटलं नव्हतं. आता वाटतं, म्हणून बोलतो आहे. नांदेडच्या ज्या खोलीत मी पडून आहे ती डॉक्टर सदफ यांची. ऑनलाईन परीक्षा आणि मुलांना मिळणारा शेरा, यावर त्यांनी वर्षानुवर्षं संशोधन केलं. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या माझी ओळख करून देतात, "हा माझा दुश्मन." यात खोटं काही नाही.

माझी घडण साधी. पोटात एक दिवा, एक काच आणि आकडे छापायची छोटी पट्टी. कागद एका बाजूने आत घ्यायचा, पेन्सिलीने काळे केलेले गोल बघायचे, कडेला गुण छापायचे आणि कागद दुसऱ्या बाजूने बाहेर टाकायचा. कारखान्यात मला एवढंच शिकवलं. १९९९ साली मी लाकडी खोक्यातून लातूरला आलो तेव्हा तिथे गल्लोगल्ली क्लास निघत होते. औशाहून, मुरुडहून, कुठून कुठून पोरं ट्रंका घेऊन यायची, एका खोलीत चौघं राहायची, आणि प्रत्येकाला डॉक्टरच व्हायचं असायचं. मला राजशेखर सरांनी घेतलं. त्यांच्या क्लासात सहाशे पोरं होती.

दर शनिवारी परीक्षा व्हायची. वकार नावाचा चालक माझ्या तोंडात कागद भरायचा आणि सोमवारी सकाळी फळ्यावर यादी लागायची. पहिले साठ जण पंख्यांच्या हॉलमध्ये, शेवटचे शंभर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. यादी बघायला आलेले पालक माझ्यासमोर हात जोडत. सर छाती पुढे काढून सांगत, "मशीन चुकत न्हाई." मला तेव्हा ते लई गोड वाटायचं.

एकदा खंडेनवमीला सरांनी माझी पूजा केली, झेंडूचा हार घातला. कुंकवाचा कण आत काचेवर जाऊन बसला तो कुणाला दिसला नाही. पुढच्या शनिवारी प्रत्येक कागदावर दुसऱ्या उभ्या रांगेचे सगळे गोल मला काळेच दिसू लागले. एका प्रश्नाला दोन गोल म्हणजे शून्य. जवळपास अख्खा वर्ग नापास झाला. सरांनी पोरांना उन्हात उभं करून झापलं, "गोल सुद्धा धड रंगवता येईना तुमाला!" वकारने गुपचूप काच पुसली, परीक्षा पुन्हा झाली, पण पोरांची माफी कुणी मागितली नाही. मीही नाही.

दोन हजार एकच्या दिवाळीनंतर सदफचा कागद माझ्यातून गेला. औशाच्या खाजाभाईंची पोरगी ती. ते स्टोव्ह दुरुस्त करायचे. पोरगी पहिल्या साठातली, कधी खाली न आलेली. त्या दिवशी तिने नववा प्रश्न सोडला आणि दहाव्याचं उत्तर चुकून नवव्याच्या घरात रंगवलं. तिथून पुढची सगळी उत्तरं एकेक घर वर सरकली. मी गोल मोजले आणि कडेला छापलं, शंभरपैकी एकतीस.

सोमवारी ती उत्तरांची यादी आणि आपला कागद घेऊन सरांच्या खोलीत आली. मी तिथेच कोपऱ्यात होतो.

"सर, माझं एक घर सरकलंय. एकदा बघा ना. दोन मिन्टं लागतील."

"मशीन चुकत न्हाई."

"मशीन न्हाई चुकलं, सर. मीच चुकले. पण कशी चुकले ते तर बघा." ती मागे हटली नाही. "भूकंप झाला तवा मी चौथीत होते. आमच्या पार्वतम्मा बाईंचं मार्कांचं रजिस्टर ढिगाऱ्यात गेलं. पत्र्याच्या शेडात शाळा भरायची. त्या साली बाईंनी कुणालाच मार्क दिले न्हाईत. ज्याच्या त्याच्या वहीत लिवून द्यायच्या, काय चुकलं, कशामुळं चुकलं. भागाकार मला तवाच आला, सर."

"ते चाळीस पोरांचं शेड होतं. इथं सहाशे हायेत. कुणी वाचत बसावं?" सर हसले. "तुला शेडाची सवयच हाय म्हण की. जा, बस जा मागं."

दुपारी खाजाभाई आले. सरांनी त्यांना बसा सुद्धा म्हटलं नाही. "खाजाभाई, हिच्याच्यानं डॉक्टरकी होत न्हाई. उगं वेळ घालवायलात तुम्ही."

"सर, पोरगी म्हनते एक घर..."

"पोरं सगळीच कायबी म्हनतात."

खाजाभाईंनी मान खाली घातली आणि पोरीची ट्रंक उचलली. बापलेक औशाच्या बसने परत गेले. सरांना अडवायला कुणी नव्हतं आणि मला वाचा नव्हती. मित्रांनो, खरं सांगतो, मला सगळं दिसलं होतं. उत्तरं एक घर खाली धरली असती तर तिचे चौऱ्याण्णव होत होते. मी गुण चुकीचे छापले नव्हते, जे दिसलं तेच छापलं. मला स्वतःचा राग येतो तो त्याचाच.

पुढे सात वर्षांनी सरांनी माझ्याहून वेगवान यंत्र आणलं आणि मला जिन्याखाली टाकलं. भंगारवाला दारात आला त्या दिवशी वकारने नांदेडला फोन केला. "सदफ बाजी, ती मशीन चाललीय भंगारात. तुम्ही सांगून ठेवलं होतं ना?" सदफ टेम्पो घेऊन हजर झाली. औशातूनच बी.एस्सी. करून, संगणक शिकून ती तोवर नांदेडात प्राध्यापिका झाली होती. मला वाटलं, ही आता हातोडा घेणार. तिने मला टेबलाशेजारी ठेवलं, माझ्यावर चहाचा कप ठेवला आणि कामाला लागली.

तिचं काम म्हणजे माझ्या जातीचा उद्धार होता. परीक्षा संगणकावर घ्यायची, पण गुण तीन दिवस लपवायचे. आधी पोराला फक्त शेरा दाखवायचा, कुठे चुकलं आणि का. तिचे पीएच.डी.चे मार्गदर्शक गुरुपादप्पा सर म्हणाले, "पालक फाडून खातील तुम्हाला." तसंच झालं. हिमायतनगरच्या एका कॉलेजात तिने हा प्रयोग लावला तर दुसऱ्याच दिवशी पालक दारावर थापा मारत आले. "मार्क दाखवा! शेरा काय चुलीत घालायचाय?" ती दार अडवून उभी राहिली. तीन दिवस तिने एकही आकडा बाहेर जाऊ दिला नाही.

त्या तीन दिवसांत पोरं आपली चूक शोधत वह्या उलगडून बसली. शेजारच्या वर्गाला गुण लगेच सांगितले होते. त्यांनी एकमेकांचे आकडे विचारले आणि वह्या मिटल्या. पुढच्या परीक्षेत शेरा मिळालेली पोरंच पुढे गेली, ते तिने पानापानांत मांडलं. निबंध परत आले, "यात नवीन काय?" असं लिहून. ती पुन्हा पाठवायची. शेवटी पदवी मिळाली, लेख छापले, परदेशातून बोलावणी आली. माझ्यावरच्या कपाची जागा तिच्या लेखांच्या गठ्ठ्याने घेतली आणि माझा जीव आणखीच जळू लागला.

मग मोबाईलवर क्लास आले. त्यांनी तिची कल्पना उचलली आणि पार वाट लावली. नव्वद असोत की नऊ, प्रत्येक पोराला एकच शेरा, "अजून मेहनत घ्या." एका परिषदेत ती यावर भांडली. त्यांचा माणूस म्हणाला, "मॅडम, लाखभर मुलांचं कोण वाचत बसणार?" परत आल्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझे सर अजून जिवंत आहेत रे." मी मनातल्या मनात हसलो. मित्रांनो, तेव्हाही मी इतका कुजका होतो.

सर खरोखरच जिवंत होते. गेल्या उन्हाळ्यात ते काठी टेकत आमच्या दारात उभे राहिले. बरोबर नात होती, मंजुश्री, बारावीतली. त्यांनी मॅडमना ओळखलं नाही.

"मॅडम, तुमचं लई नाव ऐकलं. तीन परीक्षा झाल्या, पोरीचे मार्क पडूनच राहिलेत. मोबाईल नुसतं म्हनतो, मेहनत घ्या. ती जेवत न्हाई, बोलत न्हाई. काय चुकतंय ते कुनी सांगंना."

सदफ मॅडम खुर्चीतून उठल्या. मला वाटलं, आता ही त्यांना दाराबाहेर काढणार, आणि मला ते बघायचंही होतं. पण त्यांनी मंजुश्रीला शेजारी बसवलं आणि तिचे तिन्ही पेपर संगणकावर उघडले. तासभर दोघी एकेक प्रश्न बघत होत्या. मग मॅडमनी कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या. "तुला विषय येतो. 'चूक विधान निवडा' असं विचारलं की घाईत तू बरोबर विधान निवडतेस."

"एवढंच?" मंजुश्री म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

सरांनी हात जोडले. तेव्हा मॅडमनी खणातून पिवळा पडलेला कागद आणि उत्तरांची यादी काढून त्यांच्यापुढे ठेवली. "सर, आता माझा पेपर बघा. दोन मिन्टं लागतील."

कागदावर त्यांच्याच क्लासचं नाव होतं. सरांनी ते वाचलं, मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. "तवाच नीट सांगायचं होतंस," ते पुटपुटले.

"सांगितलं होतं."

"जुनं कशाला उकरायचं आता?" सरांनी चष्मा काढून खिशात घातला आणि ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. तेवीस वर्षांनीही त्यांना दोन मिनिटं निघाली नाहीत.

मंजुश्रीने मात्र कागद पुढे ओढला. कुणी काही सांगितलं नव्हतं. एकेका गोलावर बोट ठेवत ती नवव्या घरापाशी थांबली, यादी एक घर वर सरकवली आणि शेवटपर्यंत गेली. मग टेबलावरची पेन्सिल घेऊन माझ्या एकतीसच्या शेजारी तिने काहीतरी लिहिलं. मला अक्षरं वाचता येत नाहीत, फक्त काळे गोल कळतात. मॅडमनी मोठ्याने वाचलं म्हणून मला समजलं. "मॅडम, नवव्या प्रश्नापासून तुम्ही एक घर वर सरकलात. बाकी चौऱ्याण्णव बरोबर आहेत." त्यांनी ओढणी डोळ्यांना लावली आणि बराच वेळ काढलीच नाही.

मित्रांनो, उद्या कुणाचा तरी कागद तुमच्याही हातात येईल. तुमच्या विद्यार्थ्याचा असेल, लेकराचा असेल, धाकट्या भावाचा असेल. आकडा टाकायचा तर टाका, पण पेन्सिल लगेच खाली ठेवू नका. आकड्याच्या शेजारी दोन ओळींची जागा असते. माझ्याही आकड्याशेजारी असायची, दर शनिवारी, सहाशे कागदांवर.

तो कागद मॅडमनी आता माझ्या झाकणावर काचेखाली लावला आहे. मला मात्र त्या अजून दुश्मनच म्हणतात. म्हणू द्या, माझं काही म्हणणं नाही.