वेशीच्या दुरुस्तीचा अर्ज

मी वेस बोलतेय. चाकूरपासून सात-आठ किलोमीटर आत एक गाव आहे, त्याच्या तोंडाशी मी उभी आहे. म्हणजे निम्मी उभी आहे. कशी, ते सांगते.

काळा दगड आणि चुना, एवढंच माझं अंग. चुना बैलांच्या घाण्यात मळला तेव्हा त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घातलं होतं. पाथरवटांनी दोन बाजूंना बुरूज रचले, वर कमान चढवली. सागवानी दारं होती मला. रझाकारांच्या दिवसांत ती चार दिवस उघडली नव्हती. पुढं राज्य बदललं, दारं कुणाला लागेनात, एका उन्हाळ्यात ती कुणीतरी उतरवून नेली. मग अंगावर निवडणुकीचे रंग चढले, साबणाच्या जाहिराती चढल्या, फटीत पिंपळ आला. माणसं माझ्या देवडीत, पहारेकऱ्यांच्या जुन्या ओट्यावर, सावलीला बसत, एसटी आली की उठून जात. मान वर करून कुणी बघत नसे.

शिवगंगाबाईंनी बघितलं. गावच्या शाळेत तीस वर्षं शिकवून त्या निवृत्त झाल्या, त्याच पावसाळ्यात माझ्या डाव्या बुरुजाचे चार दगड सुटले. उसाच्या ट्रॉल्या कमानीत अडकतात, वेस पाडून टाकावी, असं ग्रामपंचायतीत ठरत आलं होतं. सरपंच शेषेराव बाईंचाच विद्यार्थी.

"बाई, लई जुनी झाली ती. उद्या कुणाच्या डोस्क्यात दगड पडला तर लोक मला धरतेत," तो म्हणाला.

"दुरुस्तीला निधी मी आणते. तू ठराव तेवढा थांबव."

"कुठून आणता?"

ते बाईंनाही ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून सकाळच्या लातूरच्या एसटीला त्या माझ्याखालून जायच्या आणि संध्याकाळी परत येऊन देवडीत टेकायच्या. तिथं गुणाबाई शेळ्या घेऊन बसलेली असे. तिला बाई दिवसभराचं सांगत, म्हणून मलाही कळे.

"काय म्हणले सायेब?"

"संरक्षित यादीत वेशीचं नाव नाही म्हणाले. यादीत नाही, तर निधी नाही."

"मग घाला म्हणावं यादीत."

"त्याचा प्रस्ताव वेगळा. किती वर्षं लागतील ते त्यांनाही सांगता येत नाही."

दुसऱ्या कार्यालयात विचारलं, जागा कुणाच्या नावावर आहे? माझं नाव कुठल्याच उताऱ्यावर नव्हतं. बाईंनी चार महिने जुनी दप्तरं धुंडाळली आणि निजामाच्या काळातला एक उर्दू कागद मिळवला. औशाच्या एका म्हाताऱ्या मौलवीसाहेबांनी तो वाचून दिला. त्यात लिहिलं होतं, दरवाजा सरकारी. त्या संध्याकाळी बाईंनी गुणाबाईला पेढा दिला.

पुढच्या आठवड्यात त्या परतल्या आणि चपला काढून देवडीत टेकल्या.

"साहेबांनी कागद बघितला," मग त्या म्हणाल्या. "म्हणाले, सरकारी म्हणजे कोणत्या सरकारची? ते सरकार तर गेलं."

अशी तीन वर्षं गेली. बाईंच्या चपला दोनदा बदलल्या, फाईल तीनदा. शेवटी नांदेडच्या मनस्विनी नावाच्या आर्किटेक्ट बाईंनी मुंबईच्या एका संस्थेचा इंग्रजी अर्ज भरून दिला. तो मंजूर झाला. पण पैसे दुरुस्तीचे नव्हते. मला मोजायचं, माझी चित्रं काढायची आणि ती जपून ठेवायची, त्याचे होते.

"म्हंजे फोटू काढायला पैसे हायेत, टेकू द्यायला न्हाईत?" गुणाबाईनं विचारलं.

"तसंच," बाई म्हणाल्या.

तरी मनस्विनी आली. अकरा दिवस शिडीवर चढून तिनं माझा एकेक दगड मोजला, पुसला, त्यावर पांढऱ्या रंगानं नंबर टाकला. इतक्या हलक्या हातानं मला कुणी हात लावल्याचं आठवत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात आठ दिवस झड लागली. एका दुपारी डावा बुरूज कमानीसकट खाली आला. गुणाबाई शेळ्या हाकत नुकतीच पलीकडं गेली होती. कुणाला लागलं नाही. पण रस्ता बंद झाला आणि तासाभरात शेषेरावनं जेसीबी बोलावला.

बाई छत्री घेऊन दगडांच्या ढिगासमोर उभ्या राहिल्या.

"बाई, सरका. आता काय राहिलंय त्यात? दगडं हायेत ते."

"नंबर आहेत त्यांच्यावर. जेसीबीनं उचललेस तर पुन्हा जुळायचे नाहीत."

"कोण जुळवायलंय, बाई? तीन साल झाले. एक रुपया आला का दुरुस्तीला?"

"नाही आला," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फार थकलेला होता. शेषेरावनं जेसीबी परत पाठवला आणि घरची ट्रॉली आणली.

तीन दिवस माणसं हातानं दगड उचलत होती. शाळेच्या मैदानात ते ओळीनं मांडले. नंबर शेषेराव स्वतः वाचत होता.

"हा सहा का नऊ, बाई?"

"खाली रेघ असेल बघ."

"हाय. सहा."

आता माझा उजवा बुरूज जागेवर आहे आणि बाकीची मी शाळेच्या मैदानात पडून आहे. पोरं मधल्या सुट्टीत माझ्यावर डबे खातात.

परवा बाई उरलेल्या देवडीत बसून मोबाईलवर नव्या योजनेचा अर्ज भरत होत्या. वास्तूची सद्यस्थिती विचारली होती. उभी की पडलेली, एकच निवडायचं होतं. बाईंनी दोन्हीवर बोट ठेवून बघितलं. मोबाईल ते घेत नव्हता.

"काय झालं?" गुणाबाईनं विचारलं.

"आता लातूरला जाऊन विचारावं लागेल," बाई म्हणाल्या आणि गुडघे चोळत बसल्या.

मी दगड आहे. अजून शंभर पावसाळे मला नुसतं पडून राहता येईल. बाईंना मात्र एसटीची पायरी आता एका दमात चढता येत नाही. म्हणून तुमच्याकडं मी माझ्यासाठी काही मागत नाही. मंगळवारी त्या निघतील. कुणीतरी त्यांची पिशवी धरा आणि साहेबांसमोर त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसा. बोलला नाहीत तरी चालेल. एकट्या बाईला "उद्या या" म्हणणं फार सोपं असतं.