दुःख पिणारा खडा

निर्मळ गावच्या तळ्याकाठी त्या सकाळी मानवजातीचं दुःख कायमचं संपलं. तशी घोषणाच दुःखशोषक बाबांनी खुर्चीवरून केली. पण चहात साखर कमी निघाली आणि दुःख पाच मिनिटं लांबलं.

बाबा हिमालयातून, मार्गे शेजारचं सातिवली, आले होते. पुरचुंडीत बांधलेला स्फटिक द्यायचे. ती मुठीत घट्ट धरून रोज पहाटे तळ्याला पाच फेऱ्या मारायच्या. दुःख पिऊन पिऊन स्फटिक नाहीसा व्हायचा. खरोखर व्हायचा, म्हणून तर ही गर्दी.

व्हेरोनिका टीचरची पुरचुंडी तिसऱ्याच दिवशी रिकामी झाली, तरी फेऱ्या त्यांनी चालूच ठेवल्या. नवरा जेन्सन गेल्यापासून दीड वर्ष त्यांना धड झोप नव्हती. डॉक्टर संजनाने गोळ्या दिल्या होत्या, रोज चालायलाही बजावलं होतं. पण दगड दिला नव्हता, म्हणून टीचर चालल्या नव्हत्या. आता मात्र दहाव्या रात्री त्या चक्क घोरल्या. सकाळी फेरीत शीळही घातली.

"माते, गोळ्या आजपासून बंद. तळ्यात सोडा," बाबा म्हणाले.

टाळ्या पडल्या. टीचरनी पिशवीतून पाकीट काढलंही. तेवढ्यात केळीवाला आत्माराम स्कूटरवरून आला, तोंड पाडून.

"बाबा, माझा खडा जसाच्या तसा. दुःखपण."

"फेऱ्या मारल्यास?"

"रोज पाच. स्कूटरवरून. खडा डिकीत, जपून ठेवलाय."

"वत्सा, तुझं दुःख ब्रह्मांडाएवढं. मोठा स्फटिक लागेल."

गर्दीतल्या जिजाची हयात मिठागरात गेलेली. तिने आत्मारामचा खडा घेतला, उन्हात धरला आणि सरळ चाटला.

"खडेमीठ हाय गो टीचर. मुठीत घामाचं पानी लागलं का विरघलनारच. डिकीला कुठला घाम?"

"ते दैवी मीठ आहे," बाबा म्हणाले.

"बरं. बोंबलाला लावून बगते."

टीचरनी गोळ्या परत पिशवीत टाकल्या. त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं होतं. "खडा संपला तिसऱ्या दिवशी, झोप लागली दहाव्या रात्री. मधले सात दिवस काम कोणी केलं?"

"पायांनी," आत्माराम स्कूटरकडे वैऱ्यासारखं बघत पुटपुटला.

"हो," टीचर म्हणाल्या. "चाललं की मन हलकं होतं, झोप येते. ती शरीराची रीत आहे, कुणाची कृपा नाही. आणि गोळ्यांचं डॉक्टरला विचारायचं, खुर्चीला नाही. कुणी चमत्कार हातात ठेवला, तर आधी जिजासारखा चाटून बघा."

सगळे हसत सहाव्या फेरीला निघाले. आत्मारामसुद्धा, पायी.

खुर्चीवर बाबा एकटे उरले. थोड्या वेळाने टीचरच्या मागून धापांचा आवाज आला.

"टीचर, झोप मलाही येत नाही हो," बाबा म्हणाले. "जरा हळू चालाल का?"