नाक वर, पोट पुढे

मित्रांनो, मला भिंतीला टेकवलेली पाहिलीत तर तुम्ही मला इस्त्रीची फळी समजाल. वर निमुळती, खाली रुंद, कडा गुळगुळीत. पण माझ्यावर कधी कुणाचा सदरा पसरला गेला नाही. मी एक जुनी ताणफळी आहे. नेवाडाच्या कडाक्याच्या थंडीत सापळ्यात सापडलेल्या बॉबकॅटचे, म्हणजे रानबोक्याचे, कातडे माझ्यावर चढते, ताणले जाते, वाळते आणि मगच फरच्या बाजारात जाते. त्या फरचा कोट घालून दूरदेशी मिरवणाऱ्या बाईला माझे नाव ठाऊक नसते. नसू दे. तिच्या कोटावरचे काळे ठिपके रांगेत उभे आहेत ना, ते माझ्या जिवावर.

माझे लाकूड पाइनचे. आधी मी मेंढपाळांच्या गाडीची मागची फळी होते. गाडीचा मालक मार्टिन उरिझार हा बास्क मेंढपाळ, म्हणजे मूळचा स्पेनकडच्या डोंगरातला. तरुणपणी मेंढ्या चारता चारता त्याने डोंगरातल्या पांढऱ्या सालीच्या झाडांवर चाकूने आपले नाव कोरून ठेवले. एक झाड सोडले नाही. त्या नावांना पाला फुटला असता, तर त्यावर अख्खा कळप पोसला असता! पुढे त्याने मेंढ्या विकल्या, सापळे धरले, गाडी मोडीत निघाली आणि तिच्यातून मी निघाले. माझे दोन उभे भाग केले, मध्ये लांब पाचर बसवली आणि फुटक्या बाटलीच्या काचेने घासून घासून मला रेशमासारखी केली. कातडे वाळले की पाचर उपसायची, म्हणजे मी अंग चोरते आणि कातडे न ओरबाडता निघते.

मार्टिन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "ही फळी मी केली." मी गप्प. पण करवत कुणाच्या हातात होती, हे जिला कापले तिला तर ठाऊक असतेच.

मित्रांनो, माझे काम सोपे दिसते. रानबोक्याचे कातडे मोज्यासारखे अखंड काढतात. ओंडक्यावर घालून बोथट सुरीने त्याची चरबी खरवडतात, रक्त थंड पाण्याने धुतात, केस विंचरतात. मग ते उलटे, केस आत आणि कातडी बाहेर असे, माझ्यावर चढवतात. नाक बरोबर माझ्या टोकावर, पाठ एका अंगाला, पोट दुसऱ्या अंगाला. कातडी बोटाला चिकटायची थांबली, पण अजून वाकते आहे, अशा घटकेला ते उतरवून सुलटे करायचे आणि केस बाहेर ठेवून पुन्हा चढवायचे. ती घटका चुकली की कातडे पत्र्यासारखे कडक होते. मग उलटायला जाल तर तडकते.

आणि माणसे इथेच उघडी पडतात. कातडे ओले असते तेव्हा ते ओढाल तितके लांब होते. लांबी पाहून भाव करणारे व्यापारी पूर्वी पुष्कळ होते, म्हणून जो तो ओढायचा. कोण किती हावरा हे मला त्याच्या बोलण्यावरून नाही, खिळे मारायच्या जागेवरून कळते. शेजारचा ऑरिन टॅगर्ट तर कातडे असे ओढायचा की बोक्याचा जणू साप व्हावा. लांबी वाढते, पण रुंदी कुठून येणार? पोट आक्रसते. आणि रानबोक्याचे सगळे मोल त्या पांढऱ्या, ठिपकेदार पोटात!

एका वर्षी मार्टिनचे गुडघे गेले. आमच्याकडे घळीवर कुणाची पाटी नसते. तीन झऱ्यांची घळ मार्टिनची म्हणजे मार्टिनची, दुसरा तिथे सापळा लावत नाही. म्हातारा चारचौघांत ज्याचे नाव घेईल, त्याची ती पुढे होते. ऑरिन डोळा लावून बसलाच होता. आणि मार्टिनची एक मुलगी होती, नाव नेकाने; ती सहा हिवाळे बापाबरोबर त्या घळीत फिरली होती. सापळा तिला येत होता. फळीला मात्र मार्टिनने तिला हात लावू दिला नव्हता.

हंगामाच्या शेवटी एक थोराड, फिकट बोका मिळाला. ऑरिन तो बघायला शेडमध्ये आला आणि म्हणाला, "म्हाताऱ्या, घळ मला देऊन टाक. पोरगी कातडं असं लावेल, जसा काही दोरीवर टॉवेल."

"ऑरिनकाका, तुमची कातडी मी पाहिलीयेत," नेकाने म्हणाली. "त्यांना टॉवेल म्हणायची सोय नाही. पंचा म्हणावं लागेल."

मार्टिन हसला, मग गंभीर झाला. "हे बघ पोरी, हा बोका पहिल्यापासून शेवटपर्यंत तू लावायचास. मी बोट लावणार नाही. फरचा व्यापारी पेलेकानोस माल घ्यायला येईल, त्यानं हा तुझा पहिल्या दर्जात काढला, तर घळ तुझी. नाही काढला, तर ऑरिनची. तोंडानं बोललोय, आता फिरणार नाही."

नेकानेने बोका खरवडला, धुतला, विंचरला आणि माझ्यावर चढवला. नाक टोकावर. ओढला बेताचाच, पोटाला ऐसपैस जागा ठेवून. खिळे मारले आणि ती घोड्यांना वैरण टाकायला गेली.

ती गेली आणि मार्टिन आत आला. मला वाटले, नुसता बघेल. त्याने बघितले, मान हलवली, दार लोटले आणि खालचे खिळे उपटले. "एवढंसं?" तो पुटपुटला. "ऑरिनचा बोका याच्यापेक्षा लांब भरेल. माझी पोर हरेल." आणि त्याने कातडे धरून असे खेचले की माझी पाचर करकरली! चार बोटे खाली नवे खिळे ठोकून तो पत्ते खेळायला हॉटेलात निघून गेला. बोट लावणार नाही म्हणाला होता ना? खरेच, बोट नाही लावले. दोन्ही हात लावले.

मित्रांनो, तेव्हा माझा जीव नुसता तळमळला. कातडी सुकत चालली होती आणि पोट माझ्या अंगावर अरुंद होत होते.

संध्याकाळी नेकाने परतली. तिने खिळे पाहिले. मार्टिन खिळा नेहमी तिरका ठोकतो, तिला विचारावे लागले नाही. तिने बोट टेकवून पाहिले. चिकट नाही, पण अजून वाकत होती. थांबून बापाला विचारायला वेळ नव्हता. तसेच ठेवले तर बापाचा मान राहणार होता आणि घळ जाणार होती.

"आइता, आइता," ती बापाला बास्क बोलीत हाक मारल्यासारखी म्हणाली आणि चिमट्याने एकेक तिरका खिळा उपटू लागली. मग पाचर सैल केली, कातडे उतरवले, ओल्या फडक्याने कडा नरम केल्या, सुलटे करून केस बाहेर घेतले आणि पुन्हा चढवले. पोट दोन्ही हातांनी रुंद करीत गेली. ठिपके उमलले.

मार्टिन आला. नजर थेट खाली. "कुणी काढले खिळे?"

"जिनं ठोकले नव्हते, तिनं."

"चार बोटं कमी केलीस! तुझं भलं करायला गेलो होतो."

"ठाऊक आहे. म्हणून तर रागावले नाही."

दोघे जेवायला गेले. बीन्सच्या रश्श्याचा वास आला.

व्यापारी पेलेकानोस दरवर्षी आमच्याच शेडमध्ये उतरायचा. तीन पिढ्यांचा फरवाला. ऑरिनने आपला बोका टेबलावर टाकला, शेजारी नेकानेचा. ऑरिनचा टेबलाच्या काठापर्यंत पोचला.

"घ्या मोजून!" ऑरिन म्हणाला. "म्हाताऱ्या, घळीच्या वाटेवरचं फाटक तेवढं दुरुस्त करून दे."

पेलेकानोसने मोजले नाही. ऑरिनचा बोका पालथा होता तो उताणा केला, फरवर फुंकर मारली आणि विचारले, "लांबी आहे. पोट कुठंय?"

"आहे की!"

"ही पोटाची पट्टी आहे. कोट करू का गळ्यातला टाय?" मग त्याने नेकानेचा उताणा केला. हाताचा पालथा भाग पोटावरून फिरवला आणि बोका एकट्याचा बाजूला ठेवला. "पहिला दर्जा. मार्टिन, म्हातारपणी हात सुधारला तुझा. ओढायची खोड गेली!"

मार्टिनने नुसती मान डोलावली असती तर श्रेय त्याचे झाले असते. आजवर त्याने तेच केले होते.

"हात माझा नाही," तो म्हणाला. "माझा लागला होता तो तिनं उपटून टाकला. घळ नेकानेची. ऑरिन, ऐकलंस ना? आणि पेलेकानोस, फळीचंही विचारलं होतंस एकदा, तेव्हा मी खोटं बोललो. मला करवत सरळ धरता येत नव्हती. फळी हिच्या आईनं केली. माइतेनं."

नेकानेने बापाकडे पाहिले. आई जाऊन अकरा वर्षे झाली होती.

ऑरिन टोपी घालत म्हणाला, "बरं, पोरी, पुढल्या हिवाळ्यात माझेही दोन-चार बोके या फळीवर लावून देशील का?"

"देईन, काका. पण ओढायचं नाही."

आता मी म्हातारी झाले आहे. हंगाम संपला की नेकाने माझ्यावरची चरबी खरवडते, खिळे काढते, पाचर सैल करते आणि मला शेगडीपासून दूर टांगते. तुमच्या घरी अशी कुणाच्या हातची जुनी वस्तू असेल, तर मित्रांनो, तिलाही एवढे करा. आणि ती कुणी केली ते विचारून ठेवा, सांगणारे आहेत तोवर.

घळ नेकानेची झाली, त्याच वर्षीच्या वसंतात मार्टिनने मला उन्हात आडवे घातले आणि खिशातला तो जुना चाकू काढला. मला वाटले, झाले, आता माझ्यावरही याचे नाव! त्याने सावकाश, जीभ दाताखाली धरून कोरले. माझ्या पाठीवर, जिथे कातडे घासत नाही तिथे, एकच नाव आहे. माइते. अक्षरे वाकडी आहेत. मी मात्र तिने कापली तशीच सरळ आहे.