पंचविसावी खुंटी

"या रे सगळे, केक कापायचाय," शेडची देखरेख बघणाऱ्या बेव्हनं हाक मारली, तेव्हा क्लॅरीच्या साच्यात चार भोकं रिकामी होती. म्हणून तो उठला नाही.

जमीन मोजणारे लोक हद्दीवर ज्या लाकडी खुंट्या ठोकतात ना, त्या अपंग माणसांना काम देणाऱ्या या शेडमध्ये तयार होतात. डोक्याला गुलाबी रंग, खाली टोक. साचा म्हणजे पाच ओळींत पाच-पाच चौकोनी भोकं पाडलेली जाड फळी. प्रत्येक भोकात एक खुंटी उभी करायची, साचा भरला की पट्टी आवळायची आणि गठ्ठा उचलायचा. पंचवीसचा गठ्ठा. मोजायची भानगडच नाही. नाही तर क्लॅरीचं कसं जमणार? त्याला आकडे बारापर्यंत येत, आणि तेही त्या दिवशी मन लागलं तर. जन्मापासून डोकं जरा सावकाश चालणारा गडी. पण एकतीस वर्षांत त्याचा एकही गठ्ठा कमी भरला नव्हता, आणि अर्धा साचा सोडून तो कधी उठला नव्हता. एकदा आगीची घंटा वाजली, सगळे मैदानात पळाले, आणि हा बाबा साचा भरून, पट्टी आवळून मग सावकाश बाहेर आला. बेव्हनं त्याला फाडून खाल्लं होतं. नंतर शेड बघायला कुणी आलं की तीच गोष्ट ती कौतुकानं सांगायची.

चारी भोकं भरून तो टेबलाशी गेला, तोवर केकचा कोपराच उरला होता.

"कसला केक?" त्यानं विचारलं.

"टीगनला नोकरी लागली," बेव्ह म्हणाली. "हॅलोरनच्या हार्डवेअरमध्ये. काउंटरवर. तीन आठवड्यांनी जायचंय."

क्लॅरीनं केक तोंडात घातला. खोबऱ्याचा होता, त्याच्या आवडीचा. पण अर्धा त्यानं ताटलीतच ठेवला.

टीगन शेडमध्ये येऊन आठ महिने झाले होते. वय तेवीस, चाकाची खुर्ची, डावा हात आखडलेला, बोलायला लागली की शब्द जरा ओढत यायचे. पण जे यायचे ते मिरचीसारखे. पहिल्याच दिवशी तिनं क्लॅरीला विचारलं होतं, "म्हाताऱ्या, तू इथे खुंट्यांबरोबरच उगवलास का?" आणि क्लॅरीनंच तिला साचा कसा भरायचा ते शिकवलं होतं. कोपऱ्यापासून सुरू कर पोरी, मध्यापासून केलंस तर हात अडकतो. शिकवलं कुणी, आणि गेलं कोण!

हॅलोरनचं दुकान म्हणजे क्लॅरीचा शनिवार. सकाळी नऊच्या बसनं जायचं, दाराशी पावात घातलेला सॉसेज आणि तळलेला कांदा घ्यायचा आणि आत जायचं. लाकडाच्या रांगेत कुणी फळ्या वाकड्यातिकड्या टाकल्या असल्या तर सरळ लावून यायच्या. तिथली माणसं निळा एप्रन घालायची, छातीवर नाव. क्लॅरीला तो एप्रन हवा होता. किती वर्षं? ते त्यालाही सांगता आलं नसतं, बारापेक्षा जास्त. बोलला मात्र नाही कधी. त्याला वाटायचं, दर गुरुवारी ती नोकऱ्या लावून देणारी बाई येते, सेला, तिला दिसत असेलच की. गठ्ठे तर सगळ्यांना दिसतात.

त्या दिवशी संध्याकाळी गाडीची वाट बघत सगळे फाटकाशी उभे होते तेव्हा क्लॅरी पुन्हा आत गेला. एका खुंटीचं टोक त्यानं करवतीनं कापलं, अंगठ्याएवढा ठोकळा झाला. टीगनच्या साच्यातल्या अगदी शेवटच्या कोपऱ्याच्या भोकात तो त्यानं ठोकला आणि वरून कानशीनं असा घासला की हात फिरवला तरी कळू नये. आकडे येत नसले म्हणून काय झालं, लाकूड त्याला येत होतं. आता तिचा साचा एक खुंटी कमी घेणार. गठ्ठे कमी जाणार, मोजणीवाले बोंब मारणार, बेव्ह तिला झापणार, आणि सेला म्हणणार, ही पोरगी कामाची नाही, दुसरं कोण आहे बरं?

गाडीत त्याच्या शेजारच्या बॅरीनं विचारलं, "हसतोस का रे?"

"केक चांगला होता," क्लॅरी म्हणाला.

पहिला आठवडा गेला. बोंब आली नाही. मोजणीवाल्यांचा माणूस गाडी घेऊन आला, गठ्ठे भरले, बेव्हबरोबर चहा प्यायला आणि गेला. दुसराही आठवडा तसाच. क्लॅरीला कळेना. फोन वाजला की त्याचे कान बेव्हच्या खोलीकडे. टीगन आपली समोरच्या बाकावर बसून दुकानाच्या गमती सांगायची. तिला खिळ्यांची नावं पाठ करायची होती. क्लॅरीला ती सगळी येत होती, पण त्यानं एकही सांगितलं नाही.

"अरे, छपराच्या पत्र्याला मारतात तो कुठला रे?" ती एकदा म्हणाली.

"मला काय ठाऊक," क्लॅरी म्हणाला, आणि खुंटी भोकात अशी घातली की साचा हादरला.

तिचा शेवटचा दिवस आला. बेव्हनं सगळ्यांसमोर सांगितलं, "आठ महिन्यांत टीगनचा एक गठ्ठा कमी भरला नाही. क्लॅरीच्या खालोखाल हीच."

क्लॅरीनं समोर बघितलं. टीगन शेवटचा साचा भरत होती. बरोबर त्या कोपऱ्यापर्यंत आली, तिथे थांबली, पट्टी घातली. पण आवळायच्या आधी मांडीवर ठेवलेली एक खुंटी तिनं उजव्या हातानं त्या कोपऱ्यात वरून सरकवली. मग पट्टी आवळली. तीन आठवडे ती हेच करत होती.

तिनं मान वर केली. दोघांची नजर भिडली. क्लॅरीचे कान तापले. तिनं फक्त गठ्ठा पुढे सरकवला, आणि क्लॅरीला तेच जास्त लागलं.

ती गेल्यावर त्यानं तो ठोकळा छिन्नीनं काढला. फेकून द्यायचा, तर खिशात टाकला.

शनिवारी नऊच्या बसनं तो दुकानात गेला. आज सॉसेज घेतला नाही. फळ्या वाकड्या पडल्या होत्या त्याही तशाच ठेवल्या. टीगन दोन नंबरच्या काउंटरवर होती. पुढे चार माणसं होती, तो पाठी उभा राहिला. निळा एप्रन तिला मोठा होत होता, खांद्यावरून घसरत होता, पट्ट्या खुर्चीच्या चाकात जाऊ नयेत म्हणून गाठ मारली होती. आपल्या अंगाला कसा बेतून शिवल्यासारखा बसला असता, क्लॅरीला वाटलं. छाती भरून, बरोब्बर.

त्याचा नंबर आला. त्यानं ठोकळा काउंटरवर ठेवला.

टीगननं तो उचलला, उलटा केला, खाली बघितलं, वर बघितलं.

"याला बारकोड नाहीये, क्लॅरी," ती म्हणाली.

"मी... तो मी..."

"ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी कळलं मला. घासलं मात्र झकास होतंस."

"मग बेव्हला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय? तुला हाकललं असतं, मग तुझ्या खुंट्या मला कराव्या लागल्या असत्या." तिनं ठोकळा एप्रनच्या खिशात टाकला. "माझ्यावर एवढा का जळलास रे?"

क्लॅरी एप्रनकडे बघत राहिला. मागचा माणूस खाकरला.

"हा?" टीगननं एप्रन चिमटीत धरला. "हा पाहिजे तुला? अरे, सेलानं तुझंच नाव काढलं होतं आधी. माझ्यासमोर. बेव्ह म्हणाली, क्लॅरीला नको हलवू, तो इथे सुखात आहे, आणि तो गेला तर खुंट्या कोण बांधणार."

"मला कुणी विचारलं?"

"तू कुणाला सांगितलंस?"

मागचा माणूस म्हणाला, "अहो, माझ्या हातात वितळणारं आइस्क्रीम नाही, पण तरी किती वेळ?"

"थांबा हो, रंगाचा डबा काही वितळत नाही," टीगन त्याला म्हणाली. मग क्लॅरीला, "गुरुवारी ती येते ना? तोंडानं सांग. गठ्ठे बोलत नसतात. आता हो बाजूला, मला कामावरून काढतील."

तो बाजूला झाला. दाराशी पोचला आणि तिथून मोठ्यानं म्हणाला, "पत्र्याला मारतात तो छत्रीचा खिळा. त्याला वर टोपी असते."

"आता सांगतोस होय!" टीगन ओरडली.

गुरुवारी दहा वाजता बेव्ह तपासणीला शेडमधून फिरत होती. क्लॅरीच्या बाकाशी आली तर स्टूल रिकामं. मोरीशी रंग धुवायचा साबण ओला पडला होता, आणि कोपऱ्यातल्या छोट्या खोलीचं दार, जिथे सेला बसते, ते आतून लावलेलं होतं. बाकावर साचा होता. दोन ओळी भरलेल्या, तिसरीत दोन खुंट्या, पुढची भोकं रिकामी.

बेव्ह उभी राहिली. सवयीनं तिनं ढिगातली एक खुंटी उचलली, भोकापर्यंत नेली. मग दाराकडे बघितलं, आणि खुंटी परत ढिगात ठेवून दिली.